महालची आग आणि आगीचा पहारा



नागपुरांतील महाल या वस्तीचें नांव ऐकलें कीं परगांवच्या माणसाला सहजच वाटतें, तेथें एखादा भव्य राजवाडा उभा असला पाहिजे. भोसले घराण्याचे वाडे महालांत अजूनहि आहेत; परंतु ज्या राजवाड्यांतून नागपूरचें राज्य चालत असे, काळ्या पाषाणाचा आणि कोरीव लाकूडकामानें मढविलेला तो मोठा राजवाडा शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. १८६४ सालीं तो आगींत भस्मसात् झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारी गॅझेटियर तयार करणारांना त्याचा मोठा दरवाजा तेवढा नमूद करतां आला. या आगीच्या निमित्तानें, शहरें आगीशीं कशीं झुंजत आलीं व त्या झुंजींत कां हरतात, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम या शहराचा थोडा पूर्वेतिहास पाहूं. गोंड राजा बख्त बुलंद शहा यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर वसविलें. पुढें रघूजी भोसल्यांनीं तें आपल्या राज्याचें ठिकाण केलें, आणि महाल हा त्या राजधानीचा गाभा बनला. या शहरानें आग पुष्कळ पाहिली आहे. १७६५ सालीं पेशवे व निजाम यांच्या फौजा जानोजी भोसल्यांवर चालून आल्या, तेव्हां शहराचा कांहीं भाग जळाला. १८११ सालीं पेंढाऱ्यांनीं पुन्हां आग लावली. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, आणि त्यानंतर डिसेंबरांत अप्पासाहेबांच्या चाकरींतील अरब शिपाई शहर धरून बसले. २४ डिसेंबर रोजीं इंग्रजांनीं जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी दरवाजावर, हल्ला केला. तो अरबांनीं परतविला. शेवटीं वाटाघाटी होऊन ३० डिसेंबरला त्यांनीं शहर सोडलें. इतकें सारें घडलें तरी राजवाडा उभाच होता. तोफा जवळ येऊन ठाकल्या असतां जो वांचला, तो पुढें पूर्ण शांततेच्या काळांत, शहरांत एकहि शत्रु नसतांना जळून गेला. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१८१७ आणि १८६४ यांच्यामध्यें काय घडलें? ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले निवर्तले. औरस पुत्र नव्हता. लॉर्ड डलहौसीनें दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ सालीं राज्य खालसा केलें. पाठोपाठ दरबारचा संसार मोडण्यास आरंभ झाला. हत्ती, घोडे, बैल लिलावांत निघाले. जडजवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. इतिहासकार या प्रसंगाचें वर्णन करतांना राणीवशाचा अपमान व रत्नांची किंमत यांवर भर देतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या लिलावांत आणखी एक गोष्ट गेली. मराठी दरबारांत अठरा कारखान्यांची रीत असे: पागा, पीलखाना, आबदारखाना, फरासखाना, दारूखाना वगैरे. यांतला एकहि कारखाना आग विझविण्यासाठीं म्हणून ठेवलेला नव्हता. तथापि पाणी भरणारे भिस्ती, तंबूचे दोर व शिड्या हाताळणारे फरास, रात्रीचे पहारेकरी आणि हांकेसरशी धांवून येणारीं शेंकडों माणसें या कारखान्यांमुळें वाड्याच्या भोंवतीं सदैव असत. कारखाने मोडले, माणसें पांगलीं, आणि एवढ्या लांकडी डोलाऱ्याचा पहारा विरळ झाला. ठिणगी काय, ती दिव्यांतून, चुलींतून, चिलमींतून कोणत्याहि वाड्यांत रोज उडत असते. तिच्यावर पाय देणारा माणूस जवळ आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो.

आपल्या इतिहासांत याला एक जोडीचें उदाहरण आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ सालीं बांधून झाला. पेशवाईच्या काळांत त्यालाहि लहानमोठ्या आगी लागल्या, पण प्रत्येक वेळीं वाडा सांवरला. १८१८ सालीं पेशवाई संपली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगीनें तटाच्या आंतील सर्व इमारत खाऊन टाकली. पेशव्यांचें राज्य गेल्यावर दहा वर्षांनीं शनिवारवाडा जळाला. भोसल्यांचें राज्य गेल्यावर दहा वर्षांनीं महालचा राजवाडा जळाला. दहा या आंकड्यांत कांहीं गूढ आहे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु धनी गेल्यापासून वास्तु मोडकळीस येईपर्यंत जो मधला काळ जातो, तोच आगीचा काळ असतो, हें या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतें. पुण्याचा बुधवारवाडाहि १३ मे १८७९ च्या रात्रीं जळाला. ती आग मुद्दाम लावलेली होती. त्याच रात्रीं विश्रामबागवाड्यालाहि आग लागली, पण त्याचा मोठा भाग राहिला, दुरुस्त झाला आणि आजहि उभा आहे. त्यानंतरहि त्या वाड्यांत माणसांचा राबता राहिला, हें त्याच्या आयुष्याचें एक कारण खास आहे.

आतां लांकडी वाडा जळतो कसा, हें थोडक्यांत सांगतों. लांकूड म्हणजे जळणारच, असें आपण म्हणतों. पण तें अर्धेंच खरें आहे. जाड सागवानी तुळईला आग लागली तर तिचा बाहेरचा थर प्रथम कोळसा होतो, आणि तो कोळसाच आंतल्या लांकडाचें बराच वेळ रक्षण करतो. तासाभरांत अशी तुळई साधारण इंच-दीड इंचच झिजते. उलट उघडी लोखंडी तुळई सहाशें अंशांच्या आसपास तापली कीं आपली जवळजवळ निम्मी शक्ति गमावून वांकते. मग वाडे भराभर कां जळतात? तर नक्षीच्या जाळ्या, पातळ फळ्या, कडीपाटाच्या फटी, जिने आणि पडदे यांमुळें. बारीक कोरलेल्या लांकडाला हवा चोहोंकडून लागते, म्हणून जें सर्वांत सुंदर तेंच सर्वांत आधीं पेटतें. शिवाय मधला चौक धुराड्यासारखा वारा ओढतो व ज्वाळा वरच्या मजल्यावर नेतो. म्हणून जुन्या वाड्याच्या आगींत पहिल्या घटकेलाच सर्व मोल असतें. त्या घटकेंत चार माणसें व दहा घागरी पुरतात. नंतर शेंकडों माणसें आलीं तरी पाषाणाचा दरवाजा तेवढा उरतो.

ही पहिली घटका साधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत नागरकाच्या, म्हणजे शहराच्या अधिकाऱ्याच्या, कर्तव्यांत आगीचे नियम तपशिलानें दिले आहेत. उन्हाळ्यांत भर दिवसा घरांत विस्तव पेटविण्यास मनाई. स्वयंपाक करावयाचा तो घराबाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याचे पांच घट, रांजण, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, छपराचें गवत ओढून काढण्याचा आंकडा आणि चामड्याची पखाल असावी. विस्तवावर पोट भरणारांनीं एका बाजूस रहावें. हमरस्त्यांवर, चव्हाट्यांवर, वेशींपाशीं आणि राजवाड्यांपाशीं पाण्याच्या हजारों घागरी रांगेनें भरून ठेवाव्या. घराला आग लागली असतां जो मालक धांवून जाणार नाहीं त्याला बारा पण दंड आणि भाडेकऱ्याला सहा पण. निष्काळजीपणानें आग लावणारास चोपन्न पण. यांतील मर्म ध्यानांत घ्या. भाडेकऱ्याचा दंड मालकाच्या निम्मा आहे, पण माफ नाहीं. घरांत जो रहातो त्याच्या माथीं घराचा पहारा आहे, मग घर त्याचें असो वा नसो. आगीच्या शास्त्रांतला हा पहिला धडा आहे, आणि आजच्या नव्या यंत्रांनींहि तो रद्द झालेला नाहीं.

इंग्रजी अमलांत हा पहारा दरबाराकडून व शेजाऱ्यांकडून निघून हळूहळू नगरपालिकेकडे गेला. योगायोग असा कीं, राजवाडा जळाला त्याच १८६४ सालीं नागपूरची नगरपालिका स्थापन झाली. पण नांवाची संस्था निघाली म्हणजे आग विझत नाहीं. त्यासाठीं पाणी लागतें. अंबाझरीच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत आणण्याची योजना पुढील दशकांत, म्हणजे १८७० नंतर, सिद्धीस गेली. तोंपर्यंत महालाला आधार होता तो विहिरींचा, जुम्मा तलावाचा आणि नाग नदीचा, आणि वैशाखांत नाग नदींत पाणी किती असतें हें नागपूरकरांना सांगावयास नको. मुंबईंत १८५५ पासून पोलीसखात्याच्या ताब्यांत घोड्यांनीं ओढावयाचे बंब होते. १८८७ च्या १ एप्रिलपासून तेथें पगारी, शिकलेल्या माणसांचें स्वतंत्र दल सुरू झालें. १९०७ सालीं मोटारीचा बंब आला. बंब हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्या भाषेंत त्याचा अर्थ पाणी उपसण्याचें यंत्र एवढाच. जुन्या बंबाला दोन्ही बाजूंना लांब दांडे असत, आणि माणसें ते आळीपाळीनें दाबून पाण्याची धार उडवीत. दांडे दाबणारे दमले कीं धार खालीं येई. ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण आपल्या भाषेंत रूढ झाली ती उगीच नव्हे. बंब येईपर्यंत काय करावयाचें, हाच आपल्या शहरांचा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला नागपुरांतच एक उत्तम उत्तर मिळालें, आणि तें महालापासून हांकेच्या अंतरावर. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. कापसाची गिरणी म्हणजे आगीचें माहेरघर. हवेंत तरंगणारा तंतु एका ठिणगीनें पेटतो, आणि तेलानें माखलेली लांकडी जमीन त्या ठिणगीची वाटच पहात असते. जमशेटजींनीं या गिरणींत आपोआप पाणी शिंपडणारे नळ बसविले. हिंदुस्थानांत असे नळ येथेंच प्रथम आले. याची रचना साधी आहे. छताखालून पाण्यानें भरलेले नळ फिरवितात, आणि ठिकठिकाणीं त्यांच्या तोंडाशीं थोड्या उष्णतेनेंच वितळणाऱ्या धातूचें बूच असतें. खालीं आग पेटली कीं बूच वितळतें आणि जेथें आग तेथेंच पाणी पडतें. कोणी हांक मारावी लागत नाहीं, कोणी धांवावें लागत नाहीं. पहिली घटका राखण्याचें जें काम कौटिल्यानें घरोघरच्या पांच घटांना सांगितलें होतें, तेंच काम येथें छतावरच्या नळाला सांगितलें. ज्याला आपला माल वांचवावयाचा होता त्यानें आग लागण्यापूर्वीं खर्च केला, ही यांतील मुख्य गोष्ट. राजवाड्याला असा मालक १८५४ नंतर उरला नव्हता.

यानंतरचा महालाचा इतिहास हळूहळू मागें पडण्याचा आहे. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झालें. पण कारभार सीताबर्डीच्या पलीकडे सिव्हिल लाइन्समध्यें बसला. १८६७ सालीं रेल्वे आली, तीहि पश्चिमेकडे. १९०१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती १,२७,७३४ भरली. शहर वाढत होतें. मात्र सत्ता, पैसा आणि नवें बांधकाम जुन्या गाभ्यापासून दूर जात होतें. जुन्या वाड्यांच्या नशिबीं वाटण्या आल्या. एका चौकाच्या सहा खोल्या झाल्या, खोल्यांचे भाडेकरू झाले, आणि धनी पुण्या-मुंबईस गेले. तळमजल्यावर दुकान, माडीवर गोदाम, मध्यें कोणी वृद्ध बाई एकटी, असें चित्र जुन्या शहरांत ठिकठिकाणीं दिसूं लागलें. पुढें गिरण्यांचेंहि दैव फिरलें. एम्प्रेस मिल २००२ सालीं कायमची बंद झाली. शहराचा ऱ्हास दिसतो तो पडक्या भिंतींत. पण त्याची सुरुवात होते ती, रात्रीं दिवा मालवला कीं नाहीं हें पाहणारें माणूस नाहींसें होतें तेव्हां.

असल्या वस्तींत आग विझविणाऱ्यांवर काय प्रसंग येतो, हें मुंबईच्या दोन घटनांवरून कळेल. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. एकाच जहाजांत कापसाचे हजारों गठ्ठे आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक माल एकत्र भरलेला होता. बंबवाले पाणी मारीत उभे असतांनाच जहाज फुटलें. त्या दिवशीं अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्यावर मृत्यु पावले, आणि १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मृतीसाठीं देशभर पाळला जातो. दुसरी घटना ९ मे २०१५ ची. काळबादेवींतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. मुंबई अग्निशामक दलाचे मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर, उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन, आणि संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी स्वतः पुढें झाले. इमारत कोसळली, आणि या चौघांना प्राण गमवावे लागले. पहिल्या घटनेंत माल चुकीचा भरला होता, दुसरींत इमारत थकलेली होती. दोन्ही ठिकाणीं इतरांच्या आधींच्या बेफिकिरीची किंमत आग विझविणाऱ्यांनीं चुकविली. आपण त्यांच्या शौर्याचे गोडवे गातों. पण शौर्याची गरज पडावी अशी स्थिति आपणच निर्माण करतों, हें विसरतों.

आतां नागपूरच्या इतिहासांतील एका विलक्षण गोष्टीकडे वळतों. या शहरानें राजधानीपद दोनदां गमावलें. पहिल्यांदां १८५४ सालीं, भोसल्यांचें राज्य गेलें तेव्हां. दुसऱ्यांदां १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, राज्यपुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यांत गेला तेव्हां. पहिल्या वेळीं दहा वर्षांत राजवाडा जळाला. दुसऱ्या वेळीं निराळें घडलें. १९५६ सालीं उत्तरेंत रामपूर येथें देशाचें अग्निशमन सेवा महाविद्यालय निघालें होतें; तें १९५७ सालीं नागपुरास आणण्यांत आलें. तेव्हांपासून निरनिराळ्या राज्यांतील अधिकारी आग विझविण्याचें शिक्षण घेण्यासाठीं या शहरांत येतात, आणि अग्निअभियांत्रिकीची पदवीहि येथें मिळते. ज्या शहराला आपला राजवाडा राखतां आला नाहीं, तें शहर साऱ्या देशाला आगीपासून राखण्याची विद्या शिकवूं लागलें. नागपूरकरांनीं या गोष्टीचा अभिमान अवश्य धरावा. पण त्याबरोबरच, ही विद्या महालाच्या गल्ल्यांत किती उतरली, असेंहि स्वतःला विचारावें.

कारण महाल अजून जळण्यासारखा आहे. बडकस चौकाच्या आसपास आणि केळीबाग रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत जुनें लांकूड, नव्या विजेच्या तारा आणि दुकानांचा माल यांची दाटी झालेली आहे. १९३६ च्या कायद्यानें निघालेल्या सुधार प्रन्यासानें आणि १९५१ सालीं आलेल्या महानगरपालिकेनें रस्ते, नळ, वस्त्या यांचीं कामें केलीं. गंजीपेठेंत अग्निशमन केंद्र आहे. महालाला तें जवळचें आहे. २००६ सालीं महाराष्ट्रानें आगीच्या प्रतिबंधासाठीं स्वतंत्र कायदाहि केला, आणि त्यानें इमारतीच्या मालकाबरोबर तींत रहाणारावरहि जबाबदारी टाकली. कौटिल्याचें बारा आणि सहा पणांचें तत्त्व दोन हजार वर्षांनीं पुन्हां कायद्यांत आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु दोन माणसांना खांद्याला खांदा लावून चालतां येत नाहीं अशा बोळांत मोटार शिरणार नाहीं, आणि कुलूप लावून परगांवीं गेलेल्या धन्याच्या माडीवरचा धूर कोणाला दिसणार नाहीं. तेथें आजहि पहिली घटका शेजाऱ्याच्याच हातांत आहे.

म्हणून चार गोष्टी सांगतों. त्या नव्या नाहींत. वाड्याचा चौक मालानें भरूं नका. तो मोकळा असेल तर माणसांना बाहेर पडण्याची वाट रहाते. विहीर बुजवूं नका. तिच्यावर झांकण ठेवा, पण तिचें पाणी हाताशीं राहूं द्या. जुन्या तारांवर नवीं यंत्रें चालवूं नका, आणि वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून त्या तपासून घ्या. आणि धूर दिसतांच, घर कोणाचें आहे याची चौकशी न करतां, १०१ या क्रमांकावर कळवा. या चारही गोष्टींना पैसा थोडा लागतो. लक्ष मात्र रोज लागतें. वाडा कोणा सरदाराचा आहे कीं सहा भाडेकऱ्यांचा, हें आग विचारीत नाहीं. तेथें कोणी जागें आहे कीं नाहीं, एवढेंच ती पहाते.

भोसल्यांचा राजवाडा तोफांपुढें टिकला आणि पहारा उठल्यावर गेला. आपल्या गल्लींत जो जुना वाडा अजून उभा आहे, त्याचा पहारा आतां कोणत्याहि दरबाराकडे नाहीं. तो आपल्याकडे आहे. ज्यांच्या घरापुढें असा वाडा असेल त्यांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं एकवार त्याच्याकडे दृष्टि टाकावी, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.